कर्नल बदलला आणि नेट रांगायला लागलं?

लिनक्सचा कर्नल अपडेट केला, मशीन रीस्टार्ट झालं आणि वायरीचं नेट वायफायपेक्षाही हळू. शिव्या कर्नलला बसतात. आधी टर्मिनलमध्ये इथटूल चालवून ‘स्पीड’ची ओळ पाहा. 1000 ऐवजी 100 दिसलं, तर संशय केबलवर घ्या. गिगाबिटला आठही तारा लागतात, 100 मेगाबिट चारांवर भागवतं. म्हणून उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली तरी नेट बंद पडत नाही. सेकंदाला जेमतेम 11-12 मेगाबाइटवर येतं.

घराच्या भिंतीत ओल मुरली की केबलच्या पिना काळवंडतात. रीस्टार्टच्या वेळी कार्ड आणि राउटर वेग नव्याने ठरवतात, तेव्हा हे जुनं दुखणं उघडं पडतं. केबल बदलून पाहणं सगळ्यात स्वस्त.

1000 दिसूनही वेग नाही? मग ड्रायव्हर. रिअलटेकच्या अनेक कार्डांना दोन ड्रायव्हर चालतात: कर्नलमधला आर8169 आणि कंपनीचा आर8168. दुसरा बाहेरून बसवला असेल, तर तो नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. हेच बहुतेक जण विसरतात.

तरीही उलगडा झाला नाही, तर ग्रब मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. वेग परतला तर दोष नव्या कर्नलचा किंवा ड्रायव्हरचा. तोवर जुना कर्नल पुसू नका.