कल्याण, केरळ आणि एकच अक्षर

संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातल्या बाहरोटच्या गुहांमध्ये बारा वर्षं जपला, असं त्यांची परंपरा सांगते. त्या अग्नीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्याच लोकांनी इराणातून रक्तातूनही काहीतरी आणलं असावं, त्याची चर्चा मात्र मुंबईच्या वैद्यकीय नियतकालिकांपलीकडे फारशी गेली नाही. १९६३ साली बक्षी, बालकृष्णन, उंदेविया आणि संघवी यांनी मुंबईच्या पारशांमधल्या ‘जी६पीडी’ या विकराच्या कमतरतेवर निबंध प्रसिद्ध केला. तो वाचल्यापासून घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहतो. वाडीचा मालक पारशी किंवा इराणी, मजूर वारली. दोघांच्याही रक्तात हा विकर कमी असू शकतो, पण तिथवर पोचण्याच्या वाटा वेगळ्या.

हा विकर तांबड्या पेशीला ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवतो. तो कमी असेल तर एरवी माणूस ठणठणीत असतो. पण मलेरियावरची प्रायमाक्विनची गोळी पोटात गेली की पेशी फुटू लागतात, डोळे पिवळे होतात आणि लघवी काळपट होते. अमेरिकेतल्या स्टेटव्हिल तुरुंगात मलेरियाच्या औषधांचे प्रयोग कैद्यांवर होत होते. त्यातूनच १९५६ साली कार्सन आणि सहकाऱ्यांनी हे मूळ शोधलं. मलेरिया पूर्वीपासून ठाण मांडून असलेल्या डहाणू-तलासरीत हे कळणं महत्त्वाचं आहे. (आपल्याकडच्या वालाच्या बिरड्याला मात्र कुणी घाबरू नये. भूमध्य समुद्राकाठी लोकांना आजारी पाडणारा बाकला वेगळा. त्यातली घातक द्रव्यं वालात नसतात.)

मला या विषयाकडे ओढलं ते एका धाडसी कल्पनेनं. माणसात एखादा विकर नसेल, तर तो बनवणारा जनुक जिवाणूकडून का घेऊ नये? ८ ऑक्टोबर १९७१ च्या ‘नेचर’मध्ये कार्ल मेरिल, मार्क गायर आणि जॉन पेट्रिचियानी यांनी तसं केल्याचा दावा केला. गॅलॅक्टोसेमिया या आजारात दुधातल्या साखरेचा एक घटक पचवणारा विकर नसतो. तशा रुग्णाच्या त्वचेच्या पेशींवर त्यांनी लॅम्डा हा जिवाणूभक्षी विषाणू सोडला. त्याच्या अंगात ई. कोलाय या जिवाणूचा तोच जनुक बसवलेला होता. पेशींमध्ये हरवलेला विकर दिसू लागला. जनुक-उपचार या विषयाच्या इतिहासात हा निबंध फार वरच्या जागी यायला हवा होता. पण इतर प्रयोगशाळांना त्याचा पडताळा नीट येईना आणि शंका वाढत गेल्या. जिवाणूच्या जनुकापुढची ‘इथून वाचा’ ही खूण माणसाच्या पेशीला वाचताच येत नाही, हे पुढे उलगडलं आणि त्या शंकांना आधार मिळाला. मेरिल यांनी नंतर प्रथिनं चांदीनं रंगवून पाहण्याची पद्धत शोधली. ती आजही रोज वापरली जाते. गायर मात्र लसींमुळे स्वमग्नता येते अशा निराधार दाव्यांमागे गेले आणि मेरीलंडमधला त्यांचा वैद्यकीय परवाना गेला. एकाच निबंधाच्या दोन लेखकांच्या वाटा इतक्या फाटलेल्या क्वचितच दिसतात.

कल्पना मात्र खोटी नव्हती. १९८० साली रिचर्ड मलिगन आणि पॉल बर्ग यांनी ई. कोलायच्या एका जनुकापुढे एसव्ही४० या विषाणूची, म्हणजे आपल्या पेशींना वाचता येणारी खूण जोडली. मग लेश-न्यहान या आजाराच्या रुग्णांच्या पेशींतसुद्धा जिवाणूचा विकर उणीव भरून काढू लागला. जनुकाची लिपी सगळ्या सजीवांची जवळपास एकच आहे. अडसर होता तो फक्त सुरुवातीच्या आज्ञेचा.

मग हेच जी६पीडीसाठी का नाही? कारण पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं. तिथे जनुक घालायला जागाच नाही. थेट अस्थिमज्जेच्या मूळ पेशी गाठाव्या लागतात, आणि एक गोळी टाळून भागत असताना तेवढा धोका कोण पत्करेल? म्हणून इथे काम उलट्या दिशेनं झालं. जी६पीडी नसलेला ई. कोलाय घेतला, त्यात माणसाचा जनुक घातला. जिवाणूचा स्वतःचा विकर नाही, म्हणजे जे काही काम मोजलं जाईल ते माणसाच्याच विकराचं. बाउतिस्ता, मेसन आणि ल्युझ्झाटो यांनी १९९२ साली अशा रीतीनं तयार केलेला मानवी विकर शुद्ध करून त्याचे गुणधर्म छापले.

आणि त्याच वर्षी आपलं कल्याण या कथेत ठळकपणे येतं. त्याआधी, १९८४ साली, इश्वाद आणि नाईक यांनी एका कोळी कुटुंबात जी६पीडीचा नवा प्रकार सापडल्याचं ‘ह्यूमन जेनेटिक्स’मध्ये लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘जी६पीडी कल्याण’. तेव्हा जनुकाचं अक्षर वाचण्याची सोय नव्हती. जेलवर विकर किती वेगानं सरकतो, कुठल्या तापमानाला दम तोडतो, यावरून ओळख पटवायची. १९६८ सालीच अशाच मोजमापांवरून मोटुल्स्की आणि सहकाऱ्यांनी ‘जी६पीडी केरळ’ वेगळा नोंदवला होता. कागदावर हे दोन प्रकार दोन विकर होते. १९९२ साली अहलुवालिया आणि सहकाऱ्यांनी डीएनए वाचला, तेव्हा दोन्हीकडे ९४९ व्या जागी जी या अक्षराऐवजी ए निघालं. ३१७ व्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन, म्हणजे ऋण भाराच्या जागी धन. आज त्याला केरळ-कल्याण म्हणतात. इश्वाद-नाईक यांची कामगिरी त्यामुळे कमी झाली असं मला अजिबात वाटत नाही. उपलब्ध साधनांनी जे दिसलं ते त्यांनी काळजीनं नोंदवलं, म्हणून तर पुढे जुळवून पाहायला काहीतरी हाताशी राहिलं. पुढे जामनगर आणि रोहिणी ही नावंही याच अक्षरापाशी येऊन थांबली.

पारशांचा प्रकार वेगळा, भूमध्यसागरी, आणि कमतरता तीव्र. भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत १९९५ साली वर्णन झालेला ओरिसा प्रकार अधिक आढळतो. डहाणूच्या एकाच बाह्यरुग्ण विभागात हे सारे वारसे एका रांगेत उभे राहू शकतात, आणि त्यांना एकच औषध मिळतं. व्हायवॅक्स मलेरियाला चौदा दिवस प्रायमाक्विन. लघवी गडद झाली तर गोळी थांबवा, असं रुग्णाला सांगायचं. ही सूचना पाड्यावरच्या बाईपर्यंत वारली बोलीत पोचते का, याची काळजी मला जनुकांच्या नावांपेक्षा जास्त वाटते.

बाईचा उल्लेख मुद्दाम केला. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषाकडे एकच एक्स, त्यामुळे त्याचा निकाल सहसा स्पष्ट लागतो. बाईकडे दोन, आणि प्रत्येक पेशीत त्यातलं एकच चालू. म्हणून वाहक स्त्रीच्या रक्तात धड आणि अधू पेशींची सरमिसळ असते. हो-नाही सांगणारी झटपट चाचणी तिला अनेकदा निर्दोष ठरवते. टॅफेनोक्विन हे एका मात्रेचं नवं औषध द्यायचं तर विकराचं काम ७० टक्क्यांहून जास्त असायला हवं, आणि ते आकड्यात मोजावं लागतं. डहाणूत आज आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. तलासरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत असं मोजणारं छोटं यंत्र आधी पोचावं, आणि नवी गोळी नंतर.