पोरगं ‘यूनो’त गेलं, म्हणजे नक्की कुठं?

जानेवारी २०२५ च्या अखेरीस काँगोतलं गोमा शहर ‘एम-२३’ बंडखोरांनी घेतल्याची बातमी टीव्हीवर झळकली, त्या रात्री साताऱ्याहून वहिनींचा फोन आला. “भाऊजी, शांतिसेनेवर हल्ला झालाय म्हणतायत. आपला फोन उचलत नाही.” पुतण्या होता दक्षिण सुदानमधल्या मलाकालला. गोम्यापासून मलाकाल सरळ रेषेत बाराशे किलोमीटरांहून लांब, म्हणजे साताऱ्यापासून दिल्ली आहे जवळपास तेवढं. पण टीव्हीच्या पट्टीत दोन्ही ठिकाणं ‘आफ्रिका’च असतात. त्याचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. गस्तीवर होता.

ती रात्र वहिनींनी जागून काढली. मुलगा सीमेवर असला की घराला त्याची भाषा कळते: जम्मू, लेह, सुट्टी कधी, गाडी कुठली. तो परदेशी मोहिमेवर गेला की ही ओळख तुटते आणि तिची जागा ऐकीव गोष्टी घेतात.

पहिली ऐकीव गोष्ट म्हणजे “तो आता यूनोच्या सैन्यात आहे.” संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं सैन्य नाहीच. सदस्य देश आपल्या पलटणी ठरावीक काळासाठी देतात. रोजची कामगिरी मोहिमेचा फोर्स कमांडर ठरवतो, पण निळ्या हेल्मेटखालचा जवान भारतीय सेनेचाच राहतो, आपल्या लष्करी कायद्याखाली. आणि हे नवं नाही. १९५० मध्ये कोरियाच्या युद्धात आपलं ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक गेलं. १९५३ मध्ये मायदेशी परतायला नकार देणारे हजारो युद्धकैदी सांभाळायला भारतीय दल कोरियात उतरलं, त्याचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. तेव्हापासून पन्नासच्या आसपास मोहिमांमध्ये भारताचे २,९०,००० हून अधिक शांतिसैनिक जाऊन आलेत. त्या प्रत्येकामागे कुणाचं तरी घर वाट बघत होतं.

“डॉलरमध्ये पगार मिळतो” हेही तसंच. संयुक्त राष्ट्रं एका सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम देतात. २०१८ मध्ये ती १,४२८ डॉलर ठरली. पण ती जाते त्या त्या देशाच्या सरकारला. जवानाला आपला नेहमीचा पगार आणि सरकारी नियमानं परदेशी भत्ता मिळतो. घरखर्चाला हातभार लागतो हे खरं, पण गावात जे आकडे फिरतात ते त्याच्या खात्यात येत नाहीत. त्या आकड्यांपायी उसनं मागणारे दारात येतात आणि नाही म्हणताना म्हाताऱ्या बापाची मान खाली जाते. त्याचं मला फार वाईट वाटतं.

धोक्याबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणजे “शांतिसेना आहे, तिथं कसली लढाई?” ९ एप्रिल २०१३ रोजी दक्षिण सुदानच्या जोंगलेई भागात ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला आणि आपले पाच सैनिक मारले गेले. आजवर सुमारे १८० भारतीय शांतिसैनिकांनी प्राण दिलेत. तेव्हा आईची भीती वेडगळ आहे असं कुणी म्हणू नये. दुसरं टोक असं की “त्यांचे हात बांधलेले असतात, गोळी झाडताच येत नाही.” हेही चूक. स्वसंरक्षणासाठी आणि सोपवलेली कामगिरी पार पाडण्यासाठी, नागरिकांच्या रक्षणासाठीसुद्धा, बळ वापरायची मुभा असते.

एक गोष्ट मात्र घरात फारशी कुणाला ठाऊक नसते. जगभरच्या शांतिमोहिमांमध्ये आजार आणि अपघात यांनी गेलेल्यांची संख्या हल्ल्यांत गेलेल्यांपेक्षा मोठी आहे. आफ्रिकेतला मलेरिया साधा नाही. म्हणून फोनवर “जेवलास का?” विचारताना “मलेरियाची गोळी घेतलीस का, मच्छरदाणी लावतोस का?” हेही विचारावं. आईच्या त्या प्रश्नात खरंच बळ असतं.

आता फोनचं. “फोन आला नाही, म्हणजे काहीतरी झालं” या समजुतीनं जेवढ्या रात्री खाल्ल्यात तेवढ्या दुसऱ्या कशानंही नसतील. मलाकाल आणि गोमा दोन्हीकडचं घड्याळ आपल्यामागं साडेतीन तास आहे. आपण रात्री नऊला जेवून फोनपाशी बसतो तेव्हा तिथं संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात आणि तो बहुतेक कामावर असतो. लांबची गस्त अनेक दिवस चालते, वाटेत नेटवर्क नसतं. परिस्थिती तापली की फोन वापरण्यावर बंधनंही येतात. म्हणजे बातमी जितकी मोठी, तितका फोन उशिरा येणार, हे आधीच धरून चालावं. “रोज फोन कर” असं वचन मात्र त्याच्याकडून घेऊ नये. ते मोडलं की दोन्हीकडे जीव जळतो. आणि त्याच्या तळाचे फोटो, गस्तीच्या तारखा स्टेटसला लावू नयेत.

याच धाग्यातली एक नाजूक गोष्ट. “काही झालंच तर पहिलं आई-वडिलांना कळवतील” असं बहुतेक घरांत धरून चालतात. मुलगा अविवाहित असेल तर ते बरोबर आहे. लग्न झालं की सेनेच्या नोंदीत जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात पत्नीचं नाव लागतं आणि अधिकृत निरोप तिच्याकडे जातो. सून माहेरी असली तर सासू-सासऱ्यांना नंतर कळणार, तेही तिच्याकडून. यात कुणी कुणाला डावलत नाही, नियमच तसा आहे. पण हे आधी ठाऊक नसलं तर ऐन दुःखात घर दुभंगतं. मुलगा निघण्याआधी, तिघं-चौघं एकत्र बसलेले असताना, हे बोलून घ्यावं. सुनेचा, तिच्या भावाचा आणि पलटणीच्या मागं राहिलेल्या कार्यालयाचा नंबर एका वहीत लिहावा, केवळ मोबाइलमध्ये नाही. वडील निवृत्त फौजी असतील तर त्यांना हे सांगावं लागत नाही. इतरांना सांगणारं कुणी नसतं.

घरून त्याच्याकडे जाणाऱ्या निरोपाचंही असंच. वडिलांना दवाखान्यात ठेवलं तरी “इकडं सगळं बरंय” असं सांगणारी घरं मी पाहिलीत. पोराचं लक्ष विचलित होऊ नये हा हेतू. पण गावातल्या मित्राच्या मेसेजवरून त्याला ते कळतंच, आणि पुढं घरच्या प्रत्येक ‘बरंय’वर त्याचा विश्वास उरत नाही. मला वाटतं, खरं सांगावं. उपचार काय चाललेत, सोबत कोण आहे हेही त्यासोबत सांगावं.

मोहीम बहुधा वर्षभराची असते. तो घरी आला की सगळं संपलं, असं समजून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण मलेरियाचे काही प्रकार शरीरात दडून राहतात आणि काही महिन्यांनीही ताप आणतात. परतल्यावर त्याला थंडी वाजून ताप भरला तर पावसाळी ताप म्हणून अंगावर काढू देऊ नका. तालुक्याच्या डॉक्टरांना केसपेपर लिहितानाच सांगा, मुलगा आफ्रिकेतून आलाय, मलेरियासाठी रक्त तपासा.