एक थाप माफ

विज्ञानपट आणि कॉमिकपट यांच्याबाबत माझा एक जुना हट्ट आहे, आणि तो सोडावा असं गेल्या काही वर्षांत पडद्यावर काही घडलेलं नाही. कथाकाराला एक थाप माफ. माणूस उडतो म्हणा, समुद्रातून पन्नास मीटर उंचीचा राक्षसी सरडा वर येतो म्हणा, वाळवंटाखाली आगगाडीहून लांब किडे सळसळतात म्हणा. तिकिटाच्या पैशांत प्रेक्षकाने तेवढं गृहीत धरलेलं असतं. पण त्या थापेनंतर पै-पैचा हिशेब चोख द्यावा लागतो. शक्ती आली की तिची मर्यादा आली, मर्यादा आली की किंमत आली, आणि ती किंमत पडद्यावर कुणाला तरी खरोखर मोजावी लागते. हे ज्याला जमलं त्याचा चित्रपट टिकतो. या विषयावर आपल्याकडे लिहिणारे दोन गट आहेत. एक गट कॉमिकपट म्हटलं की नाक मुरडतो, त्याला हा सगळा पोरखेळ वाटतो. दुसरा गट कॅल्क्युलेटर घेऊन बसतो आणि अंतराळात स्फोटाचा आवाज ऐकू आलाच कसा, याच्या पलीकडे त्याला काही विचारायचं नसतं. दोघांचं भांडण जुनं आहे आणि भांडणाच्या नादात मुद्दा दोघांनीही सोडून दिला आहे.

मुद्दा आपल्या वाचकाला नवा वाटायचं कारण नाही. पुराणांतले वर आठवा. हिरण्यकशिपूला मरण नको. पण वर मिळतो तो कलमांसकट. घरात नाही आणि बाहेर नाही, दिवसा नाही आणि रात्री नाही, माणसाकडून नाही आणि पशूकडून नाही, शस्त्राने नाही. मग उंबरठा, तिन्हीसांजेची वेळ, नरसिंह आणि नखं. ब्रह्मदेवाचा शब्द कुठेही खोटा पाडलेला नाही, कलमांमधली फट तेवढी शोधलेली आहे. पुराणात काहीही चालतं असं जे म्हणतात त्यांनी पुराणं वाचलेली नसतात. तिथे काहीही चालत नाही. शापाला उःशाप लागतो, उःशापाला मुदत लागते, आणि कर्णाचं चाक ठरल्या वेळी रुततंच. ही शिस्त आजच्या बहुतेक पटकथालेखकांना दाखवावी अशी आहे.

सुपरमॅनसुद्धा असाच कलमांसकट जन्मला होता. १९३८ सालच्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात त्याला उडता येत नाही. तो उडी मारतो, एक अष्टमांश मैल लांब. वीस मजली इमारत ओलांडतो. आणि फुटणारा तोफगोळा त्याच्या कातडीला भेदू शकतो. पुढे फ्लायशर बंधूंच्या कार्टूनपटांत तो उडू लागला आणि मग भाव चढतच गेला. १९७८च्या चित्रपटात क्रिस्तोफर रीव्हने जीव ओतला होता, तरी शेवटी प्रेयसी लोइस मेल्यावर तो पृथ्वीभोवती गरगर फिरून काळच उलटा वळवतो. रोगाची लक्षणं तेव्हाच दिसत होती. छापील कॉमिकांत तर रोग त्याहून जुना आहे: १९६१मध्ये 'फ्लॅश'च्या एका अंकात दोन समांतर पृथ्वी आल्या, मग त्यांची संख्या वाढत इतकी झाली की १९८५-८६मध्ये त्या आवरायला 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्‌स' ही वेगळी मालिका काढावी लागली. १९९२मध्ये गाजावाजा करून सुपरमॅनला मारलं आणि पुढच्याच वर्षी परत आणलं. वाचकांनी शोक केला तो केला, पुढच्या वेळी मात्र शोक करायची त्यांना घाई नव्हती.

२०१९च्या 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'नंतर मार्व्हलने नेमका हाच जुना रोग मोठ्या पडद्यावर आणला आणि त्याला बहुविश्व असं भारदस्त नाव दिलं. अनंत विश्वं, प्रत्येकात प्रत्येकाची एक प्रत, म्हणजे कुणाच्याही मरणाला अर्थ नाही. एक गेला तर गोदामात दुसरा आहे. 'क्वांटुमेनिया', 'द मार्व्हल्स' आणि शेजारच्या डीसीचा 'द फ्लॅश' हे तिन्ही २०२३चे चित्रपट एका वाक्यात उरकण्याच्या लायकीचे आहेत, आणि हे ते वाक्य. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की लोक करमणुकीला जातात, हिशेब तपासायला नाही. मग 'एंडगेम'ला सुमारे २८० कोटी डॉलर देणाऱ्या त्याच लोकांनी 'द मार्व्हल्स'ला जेमतेम २० कोटींवर का थांबवलं? प्रेक्षक वही घेऊन बसत नाही, पण आपली उधारी बुडवली जात आहे हे त्याला बरोबर कळतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०२४चा 'डेडपूल अँड वुल्व्हरीन' तर बहुविश्वाचाच आहे आणि त्याने १३० कोटी डॉलरच्या वर गल्ला केला, त्याचं काय? त्याचं असं, की त्या चित्रपटाची सुरुवातच उत्तर देते. डेडपूल 'लोगन'ची कबर उकरतो, आतला सांगाडा बाहेर काढतो आणि त्याचीच धातूची हाडं हत्यार म्हणून वापरत समोरच्या शिपायांना लोळवतो, वर नाचतोही. २०१७च्या 'लोगन'मध्ये वुल्व्हरीन थकला, म्हातारा झाला, मेला. मुलगी लॉराने त्याच्या थडग्यावरचा क्रूस उपटून तिरपा रोवला, त्याचा एक्स झाला आणि पडदा काळा झाला. ते मरण खरं होतं म्हणूनच ती कबर उकरण्यात गंमत आली. मुद्दल 'लोगन'चं आहे, 'डेडपूल' व्याजावर जगला. मुद्दल मात्र परत परत खाता येत नाही. 'एंडगेम'मधल्या टोनी स्टार्कच्या मरणावर जगभर डोळे पुसले गेले, आणि आता तोच नट डॉक्टर डूम होऊन येणार असं मोठ्या समारंभाने जाहीर झालं आहे.

२०२५च्या उन्हाळ्यातले दोन चित्रपट या बाबतीत शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. 'द फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स' दिसायला देखणा आहे, साठच्या दशकाने कल्पिलेलं भविष्य त्यात प्रेमाने मांडलं आहे. पण शेवटी चौघांतली सू ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसला रेटता रेटता प्राण सोडते आणि तिचंच तान्हं बाळ तिला हात लावून उठवतं. घातलेली किंमत त्याच प्रसंगात परत. उलट जेम्स गनचा 'सुपरमॅन' बऱ्याच ठिकाणी गडबडगोंधळ आहे, पात्रं खच्चून भरलेली आहेत, कुत्रा जरा जास्तच आहे. तरी तो सुरू होतो तोच मुळी नायकाच्या पहिल्या पराभवाने, बर्फात आपटून बरगड्या मोडलेल्या सुपरमॅनने. शहरात अक्राळविक्राळ प्राणी धुमाकूळ घालत असताना तो एका खारीला उचलून बाजूला ठेवतो, याची अनेकांनी टिंगल केली. पण त्याच चित्रपटात फलाफल विकणारा मलिक आहे. रस्त्यात पडलेल्या सुपरमॅनला उठायला हात दिला एवढाच त्याचा गुन्हा. खलनायक लूथर त्याला सुपरमॅनसमोर बसवतो, पिस्तूल कानशिलाला लावतो आणि चाप ओढतो. मलिक परत येत नाही. खार वाचते, मलिक मरतो, आणि पृथ्वीवरच्या सर्वांत बलवान माणसाला काचेपलीकडून पाहत राहावं लागतं. हा प्रसंग ज्याला सुचला त्याला १९३८ची कलमं ठाऊक आहेत.

कॅल्क्युलेटरवाल्यांना उत्तर द्यायचं तर डेनी व्हिलनवचे दोन 'ड्यून' पुरेत. फ्रँक हर्बर्टच्या १९६५च्या कादंबरीतले ते किडे कोणत्याही जीवशास्त्रात बसत नाहीत. पण ही एक थाप स्वीकारली की बाकी सगळा व्यवहार पाण्याचा आहे आणि तो थेंबाथेंबाने मांडलेला आहे. अंगातला घाम गाळून परत प्यायला देणारा पोशाख, मेलेल्या शत्रूच्या देहातून नळीने ओढून घेतलेलं पाणी, आणि आपल्या माणसाचं पाणी मात्र जिथे ओततात तो भूमिगत तलाव, ज्यातला घोट तहानेने मरतानाही कुणी घेत नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात हे समजावून सांगावं लागत नाही. किड्यावर स्वार होण्याचा प्रसंगही पाहा: ठोके देणारं यंत्र वाळूत रोवायचं, किडा आला की आकड्याने त्याच्या कड्याची कडा उचलून धरायची, म्हणजे उघड्या भागात वाळू जाऊ नये म्हणून तो खाली बुडी मारत नाही. एका अशक्य प्राण्याला हाकण्याची पद्धत इतकी शक्य वाटते, की पुढची शंका विचारायची राहूनच जाते.

बहुविश्वालाही हिशेब लावता येतो, हे 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'ने २०२२मध्ये दाखवलं आणि सात ऑस्कर नेली. त्याची सुरुवात एका टेबलावरच्या पावत्यांच्या ढिगाने होते. लाँड्री चालवणारी बाई, कर भरायचा आहे, आणि करखात्याची अधिकारी एका पावतीवर काळं वर्तुळ काढत बसली आहे. दुसऱ्या विश्वातलं कसब हवं असेल तर इथे काहीतरी मूर्खपणा करावा लागतो. तिचा बिचारा नवरा वेमंड बोटांच्या बेचक्यांत कागदाने काप घेत सुटतो. प्रत्येक उडीला भाडं आहे.

आता गेल्या काही वर्षांतल्या ज्या चित्रपटावर मला खरं लिहायचं आहे तो. ताकाशी यामाझाकीचा 'गॉडझिला मायनस वन', २०२३. मूळ 'गोजिरा' १९५४चा, बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बॉम्बची राख जपानी मच्छीमारांच्या होडीवर पडली त्याच वर्षीचा. नवा चित्रपट त्याहून मागे जातो, हरलेल्या, जळलेल्या, शून्यावर आलेल्या जपानमध्ये. तिथे गॉडझिला आला की देश शून्याच्याही खाली जातो, म्हणून उणे एक. नायक शिकिशिमा हा आत्मघातकी वैमानिक, पण इंजिन बिघडल्याचं सांगून एका बेटावर उतरलेला. मेकॅनिक ताचिबाना विमान तपासतो, त्याला बिघाड सापडत नाही. त्या रात्री समुद्रातून जनावर येतं, शिकिशिमा विमानाच्या तोफेशी बसतो आणि त्याचं बोट चाप दाबत नाही. माणसं मरतात. पुढचा सगळा चित्रपट या न दाबलेल्या चापाची फेड आहे.

फेडीचा तपशील पाहण्यासारखा आहे. शिकिशिमाला काम मिळतं समुद्रातले सुरुंग काढण्याचं, तेही लाकडी होडीवर, कारण सुरुंग चुंबकीय आहेत आणि लोखंडी जहाज त्यांना चालत नाही. ही टीचभर होडी पुढे धावते आणि मागून पाणी कापत ते डोकं येतं, तेव्हा त्याच्या तोंडात ढकलायला हातात असतो तो याच कामातला सुरुंग. राक्षसालाही फुकट काही मिळत नाही. किरण सोडण्याआधी शेपटीपासून वर एकेक पातं खटखट बाहेर सरकतं, सगळी एकदम आत बसतात, आणि किरण सुटल्यावर त्याचं स्वतःचंच कातडं भाजून निघतं. भरून यायला वेळ लागतो. माणसांची योजना याच वेळेवर उभी आहे. आधी रिकाम्या जहाजांवर किरण खर्च करायला लावायचा, मग त्याच्याभोवती फ्रीऑनचे बुडबुडे सोडून पाण्याची उचलून धरण्याची ताकद काढून घ्यायची, दीड हजार मीटर खोल बुडवायचं आणि फुगे फुगवून झटक्यात वर ओढायचं. आर्किमिडीजच्या पलीकडे यात शस्त्र नाही. सरकार मदतीला येत नाही, अमेरिका रशियाला घाबरून येत नाही. येतात ते जगलेले नौसैनिक, आणि त्यांना कुणी हुकूम दिलेला नाही. (चित्रपट पाहिला नसेल त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडावीत.) शेवटी मेलेली समजलेली शिकिशिमाची सोबतीण नोरिको इस्पितळात जिवंत भेटते, आणि इथे माझा नियम माझ्यावरच उलटतो असं विरोधक म्हणतील. म्हणावं, पण तिच्या मानेवर सरकणारा तो काळा डागही बघावा. बिल आलेलं आहे, रक्कम अजून लिहायची आहे.

या चित्रपटाचे ६१० दृश्यपरिणाम ३५ माणसांनी केले, सगळा खर्च दीड कोटी डॉलरच्या आत, आणि मार्च २०२४मध्ये दृश्यपरिणामांचं ऑस्कर त्यांना मिळालं. दिग्दर्शकाने स्वतः हे पारितोषिक घेण्याची ही स्टॅन्ली कुब्रिकनंतरची पहिलीच वेळ.

आपल्याकडे पैशाचं रडगाणं गाणाऱ्यांनी दक्षिणेकडे पाहावं. 'कल्की २८९८ एडी'वर पाण्यासारखा पैसा ओतला, आणि त्यात लक्षात राहतो तो अमिताभचा अश्वत्थामा, म्हणजे जखमेवर घालायला दारोदार तेल मागत फिरणारा आपला ओळखीचा माणूस. अमरपण हीच त्याची शिक्षा. उरलेलं भविष्य सुट्या भागांचं दुकान आहे. बेसिल जोसेफचा 'मिन्नल मुरली' मात्र एका मल्याळी खेड्यात एकच वीज दोघांवर पाडतो: शिंप्यावर, आणि गावाने वेडा ठरवलेल्या, वर्षानुवर्षं मुकाट प्रेम करणाऱ्या शिबूवर. दोघांना शक्ती सारखीच मिळते आणि गावाची वागणूक वेगवेगळी. एवढ्या मांडणीतून अलीकडचा सर्वांत करुण खलनायक उभा राहिला. २०२५च्या 'लोका'ने केरळच्या दंतकथेतली यक्षीण नीली बंगळूरूत आणली, तीही सुमारे ३० कोटी रुपयांत, आणि तिच्या शक्तीमागची रक्ताची गरज लपवली नाही.

आणि मराठी? २०१५चा 'बाजी', २०१६चा 'फुंतरू', दोन्ही धाडसाचे, दोन्ही एकांडे. त्यांच्यामागे रांग लागली नाही. जून २०२३मध्ये 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत लागला, त्यांत मराठी होती. पवित्र प्रभाकर मुंबॅटनच्या गर्दीवरून झोके घेत मराठी बोलला, आणि आपण डबिंगचं कौतुक करून घरी आलो. ज्या भाषेने 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या वेताळाला आपला मानलं, तिला मूळ काही करायला काय अडचण होती कळत नाही. कथांची तर नव्हतीच. जयंत विष्णू नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे निकाल कथेचा लागावा, नावाचा नव्हे. एक वैज्ञानिक शक्यता घ्यायची आणि तिचे परिणाम न चुकवता शेवटपर्यंत न्यायचे, ही त्यांची रीत. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी ती आपापल्या परीने चालवली. दिवाळी अंकांत विज्ञानकथेचं पान ठरलेलं असे, आता ते राशिभविष्याला गेलं आहे. नारळीकर मे २०२५मध्ये गेले, अग्रलेख आले, चित्रपटाची घोषणा एकही कानावर आली नाही. बजेट नाही ही सबब ३५ जपानी माणसांनी निकालात काढली आहे. निर्मात्यांनी निदान वाचावं तरी. नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' आजही दुकानात मिळतं.