अठरा किलो कापूस

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी, उन्हं वर यायच्या आत, आम्ही दोघांनी सासूबाईंच्या लग्नातली गादी माडीवरून खाली आणली. लाकडी जिन्याच्या वळणावर ती अडकली. नवरा वरून लोटत होता, मी खालून ओढत होते आणि गादी मधेच पोट टेकून बसली होती. ओसरीवर आणून तोलली तर खोळीसकट साडेसतरा किलो भरली. सासूबाई कातर आणि एक रिकामं रीळ घेऊन आधीच बसल्या होत्या. "दोरा कापू नका, उसवून काढा. पक्का दोरा आहे, कामी येते," त्या म्हणाल्या. निघालेला दोरा त्या रिळावर गुंडाळत गेल्या.

आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात आहे. मोर्णेच्या अलीकडे, पोळा चौकाजवळच्या एका गल्लीत. फेब्रुवारीत लग्न झालं तेव्हा नव्या पलंगावर फोमची गादी आली. नवऱ्याने आवडीने निवडलेली, हप्त्यावर घेतलेली. होळीपर्यंत ती छान वाटली. एप्रिल लागला आणि रात्री पाठ भाजू लागली. अकोल्याचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो आणि भिंती दिवसभराची आग मध्यरात्रीपर्यंत बाहेर टाकत राहतात. कूलर तोंडावर वारा सोडतो, पण अंगाखालच्या उष्णतेला वाट नसते. घाम फोममध्ये जिरत नाही, चादरीतच राहतो. आम्ही आलटूनपालटून खाली फरशीवर झोपू लागलो. सासूबाईंनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी म्हणाल्या, "माह्या मायनं देल्ली गादी वर पडली आहे. पिंजून घ्या ना. कायले फरशीवर लोळता?"

त्या गादीशेजारीच माडीवर माझं आंदणही पडलं होतं, एक पोतं. माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथं विहिरीचं पाणी खारट, त्यामुळे ओलीत फारसं नाही, शेती पावसावर. २००२ साली बीटी बियाणं आलं आणि चारी बाजूंच्या शिवारात तेच दिसू लागलं. देशी पऱ्हाटी मागे पडली. माझ्या बाबांनी मात्र लग्न ठरल्यावर धुऱ्याकडच्या काही ओळींत देशी सरकी टोबली. तो वाण आमच्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेला एकेए-७. त्याचं बोंड लहान असतं, उमललं की कापूस लोंबतो आणि वाऱ्याने मातीत पडतो, म्हणून वेचणीला बाया नाखूश असतात. आईने आणि काकूने तो दोघींनीच वेचला. ३० किलो निघाला. ओळखीच्या जिनिंगमध्ये तो वेगळा काढून घेतला, तेव्हा ११ किलो रुई हाती आली. सरकी म्हशीला गेली. तीच रुई पोत्यात भरून बाबांनी पाठवणीच्या गाडीत ठेवली. मला तेव्हा त्याची थोडी लाज वाटली होती, हे खरं आहे. मैत्रिणींच्या आंदणात कपाटं होती, वॉशिंग मशीन होतं.

त्या पोत्याची किंमत मला चाचांनी सांगितली.

चाचा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला ज्यांचं पिंजणाचं दुकान आहे ते. तीन पिढ्यांचे पिंजारी. त्यांनी पोत्यात हात घातला, चिमूटभर रुई मुठीत आवळली आणि मूठ उघडली. रुई हळूहळू परत फुलली. मग दुकानातली दुसरी रुई घेऊन तेच केलं, तो गोळा तसाच दबून राहिला. "हा देशी आहे बाई. आखूड आहे, जाडा आहे, पण दबत नाही. गादीले हाच लागते."

गिरणीला लांब आणि बारीक धागा लागतो, २८–३० मिलिमीटरचा, म्हणून बाजारात भाव लांबीवर ठरतो आणि देशी कापूस तिथं हरतो. गादीला उलट हवं असतं. आखूड, जाड, ताठ तंतू एकमेकांत गुंतून बसत नाहीत, मधे हवा राहते, दाब गेला की पुन्हा उसळी घेतात. बारीक तंतूंचा मात्र लवकर नमदा होतो. एके काळी वऱ्हाडातून परदेशी जायचा तो असाच आखूड धाग्याचा कापूस. लिव्हरपूलच्या बाजारात त्याला 'उमरा' म्हणत, अमरावतीच्या उमरावती या जुन्या नावावरून. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोचली ती आमच्या अकोल्यावरूनच, आणि कापूस हे त्यामागचं मोठं कारण होतं. ज्या पोत्याची मला लाज वाटली होती, त्यात हेच होतं. चाचांच्या दुकानात उभी राहून मी बाबांना फोन लावला. ते वावरात होते. "मग? सांगतलं होतं ना," एवढंच म्हणाले.

आता उसवण्याकडे येते. गादीची एक कड मोकळी झाली आणि आत जे दिसलं त्याला कापूस म्हणवेना. हातभर लांबीच्या पिवळट ढेपा. उशाकडची बाजू तेलाने तपकिरी झालेली, मधला भाग चपटा आणि कडक, कडेला मात्र जवळजवळ पांढरा. इतकी वर्षं माणसं कुठं झोपली, कशी झोपली, ते कापसावर उमटलं होतं. कोपऱ्यांत सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा निघाला, किडा लागू नये म्हणून सासूबाईंच्या आईने घातलेला. खोळ काढल्यावर कापूस १६ किलो भरला. तो दिवसभर गच्चीवर उन्हात पसरला. कापूस हवेतलं पाणी धरून ठेवतो. ऊन लागलं की ते उडतं आणि तंतू सुटे व्हायला लागतात. संध्याकाळी हात लावला तर सकाळच्या ढेपा बोटांनी सुटत होत्या.

त्या दिवशी काय घालावं, यावर आदल्या रात्री आमचं अर्धा तास बोलणं झालं होतं. जुन्या शहरात ओसरी म्हणजे अर्धा रस्ताच. नव्या सुनेला साऱ्या गल्लीने अजून साडीतच पाहिलेलं. पण साडी नेसून कापसाचं काम होत नाही. पदर, निऱ्या, सगळीकडे रुई चिकटते. मी नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, खाली सलवार आणि नाकातोंडाला ओढणी. सासूबाईंनी वरून खालपर्यंत पाहिलं. मग आत गेल्या आणि जुन्या लुगड्याचा एक तुकडा आणून माझ्या केसांना घट्ट बांधला. दुसरी पट्टी बांगड्यांवर गुंडाळली. "केसात रुई गेली का तीन दिवस निघत नाही. अन् चुड्याच्या काचा गादीत नको." समोरच्या काकू दारातून पाहत होत्या, त्यांना सासूबाईंनीच हाक मारली आणि सुया ओवायला बसवलं. तेव्हापासून घरकामाला मी तो सदरा घालते. वेगळी चर्चा झाली नाही.

पिंजण आता यंत्रावर होतं. सासूबाई सांगतात की त्यांच्या लहानपणी खांद्यावर कमान घेऊन पिंजारी दारोदार यायचा आणि तातेवर ठोका पडला की तो आवाज चार घरं ऐकू जायचा. चाचांच्या वडिलांची कमान दुकानात खुंटीला आहे, पण तात काढून ठेवलेली. यंत्रात काटेरी ढोल फिरतो. एका बाजूने ढेप सरकवायची, दुसऱ्या बाजूने कापूस ढगासारखा उडत बाहेर पडतो आणि धूळ, कवडी, पाल्याचा चुरा खाली बसतो. आमच्या १६ किलोंतले दोन किलो तिथंच गेले. प्रत्येक पिंजणीत थोडा कापूस झिजतोच, म्हणून दर वेळी नव्याची भर घालावी लागते. चाचांनी बाबांच्या रुईतली चार किलो त्यात मिसळली. जुना १४, नवा चार, असे अठरा. मिसळताना नवी रुई त्यांनी एकदम ओतली नाही. जुन्याचा एक थर, नव्याचा एक, आणि पुन्हा एकदा यंत्रातून. "नवा एका जागी राह्यला का तिथंच फुगते," ते म्हणाले.

खोळीच्या कापडावरून मात्र आमचं भांडण झालं. नवऱ्याला मरून रंगाचं चकचकीत कापड हवं होतं, नव्या पलंगाला शोभेल असं. मला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा साधा गादीपाट. दुकानात आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो, आणि दुकानदारासमोर ते फार अवघड वाटलं. निकाल लावला तो कापडाच्या गुणाने. चकचकीत कापडावर रुई घसरते आणि महिन्याभरात एका बाजूला जमा होते. विरळ विणीच्या कापडातून तंतू बाहेर येतात. गादीपाट जाड, घट्ट विणीचा, सुती; कापूस त्याला धरून राहतो. पट्ट्यांचाही उपयोग असतो, टाक्यांची ओळ त्यांवरून सरळ जाते. मरून रंग मग उशांच्या अभ्र्यांना घेतला. कापड आणल्यावर शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवलं. ते लांबीत दोन इंच आटलं. हे न करता शिवलं असतं, तर पहिल्या धुण्यातच खोळ गादीपेक्षा लहान झाली असती. नव्या घरातल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

भरायला चाचा घरी आले. ओसरीवर सतरंजी अंथरली. सहा बाय पाचची खोळ, तीन बाजू शिवलेल्या, एक उघडी. मला वाटलं होतं कापूस मधोमध कोंबत जायचा. त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि आधी दूरचे दोन कोपरे भरले. "कोपरा खाली राह्यला का गादी झोपते," ते म्हणाले. मग कडा, मग मधला भाग, वावभर कापूस एका वेळी, आणि प्रत्येक थरानंतर बाहेरून तळहाताने चाचपणं. तोंड शिवलं तेव्हा गादी फुगून दीड हात उंच झाली होती. त्यावर त्यांनी लांब काठीने एका लयीत झोडपायला सुरुवात केली. उंचवट्यावर जोरात, खोलगट जागी हलकं. मला काठी दिली तेव्हा दहा ठोक्यांत दंड भरून आले.

टाके घालायला त्यांनी आम्हा दोघांना बसवलं. एरवी ते एकटेच गादी दुमडून करतात, पण शिकायचं म्हटल्यावर त्यांनी ती कडेवर उभी केली आणि एका टोकाला धरून राहिले. अलीकडे मी, पलीकडे नवरा. मी वीतभर दाभण पट्टीवर टोचायचा, त्याने पलीकडे ओढून चिंधीचा बारीक तुकडा दोऱ्यात अडकवायचा आणि बोटभर अंतरावरून दाभण परत पाठवायचा. मग मी दोरा आवळून गाठ मारायची. चिंधी नसेल तर दोरा कापड कापत जातो. सात ओळी, ओळीत सहा, एकूण ४२ टाके. पहिली ओळ तिरपी गेली, ती चाचांनी सोडवायला लावली. मधे अठरा किलो कापूस असल्यामुळे आम्हाला एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, फक्त दाभणाचं टोक कापडातून वर येताना दिसायचं. खाली सासूबाईंसमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, माडीवर गेल्यावर 'तू'. तिसऱ्या ओळीत मी सरळ ओरडले, "तू जरा खाली घे ना!" चाचा टाक्याकडे पाहत होते. सासूबाईंनी रिळावरचा दोरा दाताने तोडला आणि पुढची सुई ओवली.

अंगुस्तान असूनही नवऱ्याचं बोट दोनदा टोचलं. ४२वा टाका पडला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

रजईची पद्धत निराळी आणि मला तीच जास्त आवडली. तिची खोळ उलटी करून अंथरायची, वर दोन किलो रुई सारखी पसरायची, पातळ, हाताच्या वाऱ्यानेही हलेल अशी. मग खोळ आणि रुई मिळून वळकटी करत न्यायची आणि शेवटी उघड्या तोंडातून ती उलटवायची. वळकटी उलगडते तेव्हा कापड बाहेर आलेलं असतं आणि रुई जशी पसरली होती तशीच आत. मी ते पुन्हा करून दाखवायला लावलं. तिला आतून अस्तर लागलं ते सासूबाईंच्या सुती लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तो निर्णय त्यांचा. मी मागितलं नव्हतं, आणि मागायचं धाडसही झालं नसतं.

दोन उशांना एकेक किलो लागलं. तीन किलो रुई पोत्यात उरली आहे, पुढच्या पिंजणीला भर म्हणून. फोमची गादी धाकट्या दिराच्या वसतिगृहात गेली. तिचे हप्ते अजून चालू आहेत.

पहिल्या रात्री गादी कडक वाटली. चाचांनी आधीच सांगितलं होतं, आठ दिवस अंगाखाली बसू द्या. नवव्या दिवसापासून आमच्यापैकी कोणीही फरशीवर झोपलेलं नाही. दर पंधरवड्याला ती आम्ही दोघं गच्चीवर नेतो, ऊन दाखवतो आणि उलटी करून घालतो.

तुमच्याही माळ्यावर आईची, आजीची गादी पडून असेल. ती भंगारात देण्याआधी एक कड उसवून मूठभर कापूस आवळून पाहा, आणि तो फुलला तर पिंजाऱ्याकडे न्या. मात्र मृगाच्या आत न्या. हवेत ओल आली की कापूस नीट पिंजला जात नाही, आणि पहिला पाऊस पडला की चाचा यंत्रावर ताडपत्री टाकतात ती दसऱ्यालाच काढतात.