रोप टीचभर, कुंडी ढीगभर

कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. वरचा थर मात्र उन्हात लगेच फिका पडतो. तेवढ्यावरून झारी उचलू नका. बोट दोन पेरं आत घाला, चिमूटभर दाबून पाहा. पाणी सुटलं तर आज सुट्टी. टोमॅटोचं कोवळं रोप 20 लिटरच्या बादलीतलं पाणी पिऊन पिणार किती? उरलेल्या चिखलात मुळं गुदमरतात, चिलटांची तेवढी चैन होते. म्हणून सुरुवातीला बुंध्याभोवती वीतभर घेरातच पाणी द्यावं. मुळं पसरतील तसा घेर वाढवावा. पार सुकूही देऊ नये: कोरडं कोकोपीट आक्रसून कडा सोडतं आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट गच्चीवर. खताचं म्हणाल तर, यात कस जवळजवळ नसतोच; तो वरूनच द्यायचा.