वायफाय जोमात, लॉगिन कोमात

विद्यापीठात वायफायच्या तक्रारी वाढल्या, की बैठकीत एक ठराव हमखास येतो: इंटरनेटची लाइन वाढवा. लाइन वाढते, बिल वाढतं आणि दहाच्या तासाला वर्गात शिरलेली मुलं फोनकडे बघत तशीच ताटकळतात. आत शिरल्यावर व्हिडिओ किती झरझर चालतो हा एक प्रश्न आणि आत शिरायलाच किती वेळ लागतो हा निराळा. पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा लाइनच्या क्षमतेत सापडतं. दुसऱ्याचं क्वचितच. लॉगिनसाठी जो मजकूर जातो-येतो तो जेमतेम काही किलोबाइटचा. उशीर होतो, कारण मधलं कुठलं तरी यंत्र दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत थांबलेलं असतं. ते कोणतं, एवढंच शोधायचं असतं.

परवानगी कोण देतं?

वर्गाच्या छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो. कुणाला आत सोडायचं हे तो स्वतः ठरवत नाही, इंटरकॉमवरून वर विचारतो. वर उत्तर द्यायला बसलेला असतो रेडियस सर्व्हर. ही पद्धत १९९१ सालची. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या मेरिट नेटवर्कला डायल-अप ग्राहकांची ओळख पटवायची होती, त्यासाठी लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने ती तयार केली. मोडेम अडगळीत गेले, पण रेडियस आजही जगभरच्या कॅम्पसवर राबतो आहे.

बहुतेक ठिकाणी पासवर्डची यादी रेडियसकडेही नसते. तो विद्यापीठाच्या डिरेक्टरी सर्व्हरला विचारतो. शिवाय हे एका प्रश्नात आटोपत नाही. आधी सर्व्हर आपलं प्रमाणपत्र फोनला दाखवतो, तेही तुकड्या-तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्याची पोच मिळाल्याशिवाय पुढचा निघत नाही. मग सुरक्षित मार्ग तयार होतो, त्यातून पासवर्डची तपासणी होते. अशा दहाएक फेऱ्या झाल्या की परवानगी मिळते. त्यानंतर फोनला आयपी ॲड्रेस हवा, त्यासाठी आणखी चार निरोप. सगळं धड असेल तर हा कारभार सेकंद-दोन सेकंदांत उरकतो.

उशिराचा आकडा बोलतो

बिघाड शोधताना सर्वांत उपयोगी पुरावा म्हणजे उशिराची लांबी. ती दर वेळी ५, १० किंवा २० सेकंद अशी ठोक असेल, तर तो बहुधा टाइमआउट असतो. म्हणजे कुणीतरी मेलेल्या सर्व्हरला हाका मारत बसलं आहे आणि मुदत संपल्यावरच दुसऱ्याकडे वळतं आहे. लिनक्सवर नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरची वाट पाहण्याची मुदत, कुणी बदलली नसेल तर, ५ सेकंद असते. यादीतला पहिला डीएनएस बंद असेल, तर प्रत्येक चौकशीमागे तेवढे सेकंद वाया जातात. ॲक्सेस पॉइंटला दोन रेडियस सर्व्हर दिलेत, पहिला बंद आहे आणि प्रत्येकी ५ सेकंदांचे चार प्रयत्न ठरवलेत, तर दुसऱ्याची पाळी यायला २० सेकंद लागणार. पर्यायी सर्व्हर असल्यामुळे लॉगिन शेवटी होतंच, म्हणून पहिला बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

उशीर ठोक नसेल आणि गर्दीबरोबर चढत असेल, तर संशयित वेगळे. सुट्टीत सगळं सुरळीत, तास बदलताना मात्र रांग, हे मंद डेटाबेसचं किंवा दमलेल्या डिरेक्टरीचं लक्षण. कोण कधी आत आलं, कधी बाहेर पडलं याची नोंद रेडियस ठेवतो. वर्षानुवर्षांच्या नोंदी एकाच तक्त्यात साठल्या आणि त्याला इंडेक्स नसला, की प्रत्येक लॉगिनला अख्खा तक्ता चाळला जातो. अशा ठिकाणी लॉगिन सत्रागणिक संथ होत जातं. आणखी एक मर्यादा रेडियसच्या जन्मापासूनची आहे. विनंतीचा क्रमांक एका बाइटमध्ये मावतो, त्यामुळे एका पोर्टवरून एका सर्व्हरकडे एका वेळी जास्तीत जास्त २५६ विनंत्याच उत्तराविना राहू शकतात. हजारो विद्यार्थ्यांचा भार सगळे ॲक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या एकाच कंट्रोलरवर असेल आणि तो एकच पोर्ट वापरत असेल, तर उत्तरं रेंगाळताच हा कोटा भरतो.

पासवर्ड मान्य झाला, पण आयपी ॲड्रेस मिळेना, असं असेल तर रेडियस निर्दोष आहे. नेहमीच्या छोट्या नेटवर्कात उपकरणांसाठी २५४ पत्ते असतात. ते २४ तासांच्या बोलीवर वाटले, तर कँटीनमध्ये चहा पिऊन गेलेल्याचा पत्ताही दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो. तिथे मुदत तासाभरावर आणली तरी पुष्कळ फरक पडतो. भर म्हणून २०१९च्या अँड्रॉइड १० आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा हार्डवेअर पत्ता लपवतात, प्रत्येक नेटवर्कला वेगळा दाखवतात. खासगीपणासाठी ही सोय चांगलीच. पण या पत्त्यावरून उपकरण ओळखणाऱ्या पोर्टलला, पत्ता बदलला की, जुनाच विद्यार्थी नवा वाटतो.

फक्त पाहुण्यांची अडचण

नेदरलँड्समधल्या सर्फनेटचे क्लास विरेंगा यांनी २००२ साली मांडलेल्या कल्पनेतून एज्युरोम ही पाहुण्यांसाठीची वायफाय सोय उभी राहिली. आपल्या संस्थेच्या लॉगिनवर जगातल्या कुठल्याही सहभागी कॅम्पसचं वायफाय मिळतं. भारतात तिचं काम एर्नेट इंडिया पाहते. मुंबईतल्या सहभागी संस्थेचा विद्यार्थी उट्रेख्टमध्ये लॉगिन करतो, तेव्हा त्याची तपासणी उट्रेख्टमध्ये होत नाही. प्रश्न नेदरलँड्सच्या राष्ट्रीय सर्व्हरवरून वरच्या पातळीवर, तिथून एर्नेटकडे आणि मग मुंबईला येतो. एका फेरीला दीडशे मिलिसेकंद धरले, तरी दहा फेऱ्यांत दीड सेकंद निव्वळ प्रवासात जातो.

तेवढं समजण्यासारखं आहे. स्थानिक मुलं झटकन आत आणि पाहुणे मात्र कायमचे अडकलेले, असं असेल तर फायरवॉल तपासावी. प्रमाणपत्राचे मोठे पॅकेट वाटेत फुटतात आणि काही फायरवॉल ते तुकडे मुकाट टाकून देतात. दुसरी शक्यता साधी: लॉगिनमधला @ नंतरचा संस्थेचा भाग गाळलेला किंवा चुकलेला असतो.

तक्रार कशी करावी?

‘नेट चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून काहीच शोधता येत नाही. वेळ मिनिटासकट, इमारत आणि मजला, फोन की लॅपटॉप आणि किती सेकंद थांबावं लागलं, एवढं लिहिलं तर सर्व्हरच्या लॉगमधली नेमकी ओळ सापडते. पासवर्ड बदलला की सगळ्या उपकरणांवर लगेच बदलावा. होस्टेलच्या खोलीत पडलेला टॅब जुन्या पासवर्डने दिवसभर दार ठोठावतो, सर्व्हरला शिणवतो आणि कधी तुमचं खातंच बंद पाडतो. घाई म्हणून प्रमाणपत्राची तपासणी मात्र बंद करू नये. तिच्याविना कुणीही त्याच नावाचं खोटं वायफाय उभारून तुमचा पासवर्ड लांबवू शकतो.

आणि लाइन दुप्पट करण्याच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी कुलसचिवांनी एकच तक्ता मागवावा: गर्दीच्या तासाला लॉगिनच्या प्रत्येक टप्प्यावर किती वेळ गेला. हा हिशेब सर्व्हरच्या लॉगमधूनच निघतो, त्यासाठी निविदा काढावी लागत नाही.