पडद्याचें चित्रण

कर्जत-खालापुरांतील एखाद्या वडीलधाऱ्या आप्ताला मोबाईलवर सातबारा कसा पाहावा, हें दूर शहरांतून बोलून समजावण्याचा प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांवर आला असेल. "आतां काय दिसतें?" या एकाच प्रश्नांत अर्धा तास सरतो. त्यापेक्षां आपण स्वतः तें काम करीत असतां फोनच्या पडद्याचें चित्रण करून तें धाडावें, हें बरें.

ही सोय आयफोनमध्यें २०१७ पासून, व अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तींत, म्हणजे २०२० पासून, अंगभूत आहे. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधील, किंवा अँड्रॉइडवर वरून खालीं ओढलेल्या पट्टींतील, 'स्क्रीन रेकॉर्ड'च्या चिन्हावर बोट ठेवावें. मायक्रोफोन चालू केल्यास आपला आवाजहि उमटतो. मग महाभूलेख उघडून रायगड जिल्हा, तालुका, गांव व गट क्रमांक या क्रमानें सावकाश जावें. काम संपतांच चित्रण थांबवावें. आप्ताला तें हवें तेथें थांबवून, हवें तितक्यांदां पाहतां येतें.

मात्र हा साक्षीदार सहसा कांहीं वगळीत नाहीं. आपण भरलेला मोबाईल क्रमांक, मध्येंच आलेला बँकेचा संदेश, ओटीपी, सारें त्यांत नोंदलें जाऊं शकतें. म्हणून आधीं सूचना बंद कराव्या आणि धाडण्यापूर्वीं चित्रण एकदां स्वतः पाहावें.

आणखी एक गोष्ट आवाजांत अवश्य सांगावी: हा उतारा केवळ माहितीपुरता असतो. शासकीय कामासाठीं डिजिटल स्वाक्षरीचाच घ्यावा. नाहींतर वडीलधाऱ्यांची खेप व्यर्थ जाईल.